रंगाचा वास गेला, पण कपाटाचं काय?

मागच्या वेळी मी एवढंच लिहिलं होतं की घराचं काम काढायचं असेल तर शेडकार्ड हातात घ्यायच्या आधी काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवा, आणि वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नावं काढलीयेत, पत्रं थोडी छाटलीयेत, भाषा तुमचीच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्याकडे दोन महिन्यांत बाळ येणार आहे म्हणून एका खोलीचं काम करून घेतलं. रंग मुद्दाम लो व्हीओसीवाला (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) घेतला, त्याचा वास आठवड्यात गेला पण. आता प्रॉब्लेम असा की नवीन कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. सुतार म्हणतो नवीन आहे, महिन्याभरात जाईल. बायको म्हणते बाळाचे कपडे यात ठेवणार नाही म्हणजे नाही. कपाट काढून टाकू का?

उत्तर : आधी अभिनंदन. कपाट लगेच भंगारात नको, पण बायकोचं ऐका, सुतार सांगतोय ते अर्धंच खरं आहे.

वास कमी होईल हे बरोबर. पण तुम्हाला चुरचुरतंय ते बहुतेक बोर्डातल्या गोंदामुळे. पार्टिकल बोर्ड काय किंवा एमडीएफ काय, लाकडाचा चुरा नाहीतर तंतू घ्यायचे, युरिया फॉर्मल्डिहाइड नावाच्या गोंदात कालवायचे आणि गरम प्रेसखाली दाबायचे. हा गोंद स्वस्त, पटकन घट्ट होणारा, म्हणून सगळीकडे तोच. पण दमटपणा आणि उष्णता लागली की तो हळूहळू सुटतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो, पहिले काही महिने जास्त, मग कमी कमी, पण पार बंद व्हायला वर्षं जातात. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, तो निर्णय मुख्यतः कामाच्या जागी वर्षानुवर्षं हा वायू ओढलेल्या लोकांवरून झाला, घरात प्रमाण बरंच कमी असतं. तरी डोळे चुरचुरतायत म्हणजे बंद कपाटात तो बऱ्यापैकी साठतोय.

आता एक काम करा. सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि तळाच्या कडेवरून अंगठा फिरवा. समोरून सगळं गुळगुळीत, लॅमिनेट लावलेलं, एजबँड म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी नीट. पण खाली? खरखरीत, तपकिरी, उघडा बोर्ड, अंगठ्याला भुसा लागतो. तसंच कपाटाची पाठ बघा, शेल्फच्या मागच्या कडा बघा, शेल्फच्या खुंट्यांसाठी पाडलेली ती भोकांची रांग बघा (एका बाजूला 30 भोकं आणि वापरतो आपण चार), आणि बिजागरीची वाटी काढून आत बघा. जिथे लॅमिनेट नाही तिथून वायू निघतो, कडेतून तर सपाट बाजूपेक्षा जास्तच. सुतारांना मी नेहमी सांगते की बाबांनो जे दिसत नाही तिथेच एजबँड लावा, आणि ते नेहमी हसतात.

तर उपाय. ड्रॉवर, शेल्फ सगळं बाहेर, शटर सताड उघडी, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून, म्हणजे तो आतली हवा बाहेर फेकेल, नुसता आतल्या आत घुसळत बसणार नाही. असं रोज जमेल तितका वेळ. दोनेक आठवड्यांनी सगळ्या उघड्या कडांना एजबँड, आणि जिथे तो बसत नाही तिथे पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन कोट, भोकांना प्लास्टिकची टोपणं. हे काम चालू असताना बायकोने त्या खोलीत जायचं नाही, आणि सीलर वाळून पुन्हा चार दिवस हवा खाऊ दे. पाळणा तोपर्यंत दुसऱ्या खोलीत. बाळाचे कपडे पहिले काही महिने उघड्या लोखंडी किंवा अख्ख्या लाकडाच्या रॅकवर ठेवा, छान दिसतात तसेही.

काय करू नका तेही सांगते. रूम फ्रेशनर मारू नका, तो वर आणखी चार रसायनं घालतो. ओझोन सोडणारं मशीन कोणी सुचवलं तर अजिबात नको, ओझोन फुप्फुसालाच त्रास देतो. एअर प्युरिफायर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, हेपा फिल्टर धूळ पकडतो, 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी 99.97 टक्के पकडतो, पण वायू त्यातून सरळ निघून जातो. कार्बनचा जाड थर असेल तर थोडा फरक पडतो, नावापुरती काळी जाळी असेल तर नाही.

आणि सुतार म्हणेल बोर्ड ई वन ग्रेडचा, म्हणजे वायू कमी सोडणारा आहे. असेल, चांगलंच आहे. पण त्याची युरोपातली मर्यादा हवेत दर घनमीटरला 0.124 मिलिग्रॅम, ती मोजतात 23 अंश तापमान आणि 45 टक्के आर्द्रतेत, ठरावीक हवा खेळती ठेवून. तुमची खोली त्याहून गरम, दमट आणि बंद असेल तर तोच बोर्ड जास्त वायू सोडणार. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीला 0.1 मिलिग्रॅम सांगते, म्हणजे दोन आकड्यांमध्ये फार जागा नाहीये हे लक्षात आलंच असेल. पुढच्या वेळी बोर्ड घेताना ई झिरो, म्हणजे त्याहूनही कमी वायू सोडणारा, विचारा, नाहीतर मरीन प्लाय घ्या, त्यात फिनॉलचा गोंद असतो, तो जास्त घट्ट बांधलेला असतो आणि वायू खूपच कमी सोडतो.

प्रश्न : ताई फॉर्मल्डिहाइड शोषायला स्नेक प्लांट लावले की झालं ना? किती लावू? नासाने सांगितलंय म्हणे.

उत्तर : नासाचा तो अभ्यास 1989 चा, खरा आहे, पण तो छोट्या बंद पेट्यांमधला. घर ही बंद पेटी नाही. 2019 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा नुसती खिडकी उघडून हवा जितकी साफ होते तितकी झाडांनी करायला दर चौरस मीटरला 10 पासून 1000 झाडं लागतील असं निघालं. झाडं लावा, डोळ्यांना बरं वाटतं, पण मग बसायला जागा शोधा. आणि कुंडीत पाणी साठू देऊ नका, बुरशी धरते.

प्रश्न : माझं वय 68. घर जुनं आहे, दारं-खिडक्या चांगल्या लाकडाच्या, पण त्यांवर ऑइलपेंटचे किती थर आहेत ते देवाला माहीत, पोपडे सुटायला लागलेत. रंगारी म्हणतो मशीनने घासून एका दिवसात लाकूड काढून देतो. मुलगा म्हणतो सगळं काढून यूपीव्हीसीच्या खिडक्या लावा. सुट्टीला नातवंडं येतात, 3 आणि 5 वर्षांची. काय करावं?

उत्तर : काका, दोघांनाही थांबवा. रंगाऱ्याला आधी.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते, त्यातही भडक पिवळा, केशरी, लाल, हिरवा असेल तर जास्तच, कारण ते रंग शिशाच्या क्रोमेटपासून बनवायचे. पांढऱ्यातही असतं. हा धोका काही काल कळलेला नाही, 1921 सालीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतीच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरू नये असा करार केला होता, रंगारी आजारी पडायचे म्हणून. अमेरिकेने घरगुती रंगात बंदी आणली ती थेट 1978 ला. म्हणजे माहीत असून 57 वर्षं, असो. आता बऱ्याच देशांत रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर शिसं चालत नाही, पण तुमच्या खिडकीवरचा सगळ्यात आतला थर त्या नियमाच्या आधीचा आहे ना.

रंग घट्ट बसलेला असतो तोपर्यंत तो फारसं काही करत नाही. मशीन लावलं की त्याचं पीठ होतं, तेही इतकं बारीक की खोलीभर, गादीवर, जमिनीच्या फटीत जाऊन बसतं, झाडूने जात नाही. मग 3 वर्षांचं पोर जमिनीवर हात टेकवतं, तोच हात तोंडात. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. इतकं घेतलं तर चालतं अशी कुठलीच पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून आधी एक पोपडा, सगळ्या थरांसकट, पिशवीत घालून रंग तपासणाऱ्या लॅबला द्या. काडीवर रंग बदलणारं घरगुती किट मिळतं पण त्याच्यावर पूर्ण भरवसा नको. शिसं निघालं किंवा तपासणं जमलंच नाही तर आहे असं धरूनच चालायचं. मुलं घरात नसताना काम, खोलीतलं सामान बाहेर, जमिनीवर जाड प्लास्टिक कडेपर्यंत चिकटपट्टीने लावलेलं, दाराला ओला पडदा. मग फक्त सुटलेले पोपडे हाताने, पाण्याचा फवारा मारत मारत खरवडायचे, वॉटर पेपरने ओलंच घासायचं. मशीन नाही, ज्योत नाही, हीट गन लाल होईपर्यंत तापवणं तर नाहीच, शिशाची वाफ होते. रंगाऱ्याने पी 100 (अगदी बारीक धूळही अडवणारा) मास्क घालावा, जेवायच्या आधी हात-तोंड धुवावं आणि कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, त्याच्याही घरी पोरं असतील. शेवटी सगळं ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं, दुसऱ्यांदा नवीन फडकं. साधा व्हॅक्युम चालवू नका, तो मागून बारीक धूळ परत खोलीत सोडतो. बाकी घट्ट बसलेल्या रंगावर प्रायमर आणि नवा पाण्यावर आधारित इनॅमल, झालं. मात्र खिडकी जिथे चौकटीला घासते ती कड नीट बघा, तिथे रोज उघडबंद करताना धूळ पडत राहते, ती तेवढी रंग पूर्ण काढून रंधून घ्या, ओली करून.

मुलाचं यूपीव्हीसी म्हणाल तर खिडक्यांतून वारा घुसत असेल, आवाज येत असेल तर कडेने रबरी सील लावून घ्या. चांगलं जुनं लाकूड काढून फेकणं आणि त्या जागी प्लास्टिक, मला तरी पटत नाही. जुन्या खिडकीचा एखादा तुकडा कुजला तर सुतार तेवढाच बदलून देतो, यूपीव्हीसीची चौकट बिघडली की सहसा अख्खीच काढावी लागते.

प्रश्न : बेडरूमची एक भिंत दरवर्षी काळी पडते. तीन वर्षांत तीनदा रंगवली, दोनदा अँटिफंगल पेंट, एकदा वॉटरप्रूफ पुट्टी. या वर्षी डेकोरेटर म्हणतोय त्यावर छान पॅनेलिंग करू, दिसणारच नाही. मला सकाळी शिंका येतात हे वेगळंच.

उत्तर : पॅनेलिंग करू नका, प्लीज. ही चूक मी स्वतःच्या घरात केलीये. पॅनेलिंग नाही, वॉलपेपर, कापडासारखा पोत असलेला, फार हौसेने लावला होता. कोपऱ्यात थोडी ओल होती, म्हटलं वाळेल. आठ महिन्यांनी कपाट सरकवताना त्याचं टोक सुटलं म्हणून ओढलं, तर अख्खा ताव हातात आला आणि मागे भिंतभर काळी मखमल. खरंच मखमल, हात लावला तर मऊ लागली. आणि तो वास, ओल्या पुठ्ठ्यासारखा, जो मी आठ महिने "जुन्या घराला येतो असा वास" म्हणून सोडून दिला होता. 22 वर्षं लोकांची घरं करणारी बाई मी.

तुमची अडचण रंगाची नाहीच, पाण्याची आहे. पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत एकही पैसा रंगावर घालू नका. सोपी टेस्ट आहे. काळ्या जागेशेजारच्या स्वच्छ भागावर हातभर अॅल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, दोन दिवस तसंच राहू द्या. फॉइलच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला, खोलीकडे, ओलावा आला तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. दोन्हीचे उपाय एकदम वेगळे आणि तुम्ही तीन वर्षं दोन्हीपैकी कुठलाच केला नाहीये.

भिंतीतून येत असेल तर बघा, पलीकडे बाथरूम आहे का, वर गच्ची आहे का, बाहेरच्या गिलाव्याला तडा आहे का, पावसाच्या पाण्याचा पाइप तिथेच फुटलाय का. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतच ओल असेल आणि पांढरे क्षार फुलून येत असतील तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. बाहेरून बुजवायचं असतं, आतून नाही. आतून वॉटरप्रूफ पुट्टी लावली की पाणी आत कोंडतं आणि शेजारून, नाहीतर वरून निघतं. तुमचा काळा डाग दरवर्षी थोडा सरकत असेल, बरोबर ना?

वाफ असेल तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा. एक साधं हायग्रोमीटर घ्या, आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे.

बुरशी काढताना ओल्या फडक्याने साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी खरवडू नका, बीजाणू उडतात. मास्क घाला. गिलावा पोकळ वाजत असेल तर तेवढा पाडा. मग भिंत खरोखर वाळू द्या, गिलाव्याला आठवडे लागतात, घाई करायची नाही.

आणि त्यानंतर माझं आवडतं, चुना. चांगला मुरवलेला चुना, पातळ, तीन-चार हात. भिजवलेल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर असतो, ताज्या चुन्यावर बुरशीचं काही चालत नाही, भिंतीतली वाफ त्यातून बाहेर जाऊ शकते, प्लास्टिक पेंटसारखी कोंडत नाही, आणि वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो. त्याचे नखरे आहेत, ऑइलपेंटवर किंवा प्लास्टिक इमल्शनवर तो टिकत नाही, खाली गिलावा उघडा हवा आणि किंचित ओलवलेला हवा, पहिला हात दिला की वाटतं पैसे वाया गेले कारण आरपार दिसतं, वाळल्यावर पांढरा उतरतो. डोळ्यात गेला तर वाईट भाजतो, गॉगल घाला. पण एकदा जमला की सकाळच्या उजेडात ती भिंत जशी दिसते तशी कुठल्याच डब्यातल्या रंगाने दिसत नाही, हे माझं मत.

प्रश्न : ताई मी टाइल बसवायचं काम करतो, 19 वर्षं झाली. तुमचं सगळं वाचतो, पण तुम्ही घरमालकाच्या तब्येतीबद्दलच लिहिता. ग्राइंडर आम्ही चालवतो. मालक म्हणतात पाणी मारू नको चिखल होतो, फर्निचर खराब होतं. धूळ आम्ही खातो. त्याचं पण लिहा.

उत्तर : दादा, चूक मान्य. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

बाकीच्यांसाठी सांगते. टाइल, काँक्रीट, ग्रॅनाइट, विटा, वाळूचा गिलावा या सगळ्यात सिलिका असते. ती दगडात असते तोवर काही नाही. कटरने कापली किंवा वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडल्या की तिची इतकी बारीक धूळ होते की डोळ्याला दिसतही नाही आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, तिथे जखम होते, जखमेचा कडक व्रण होतो. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. 1997 पासून ही धूळ कॅन्सरच्या पहिल्या गटातही आहे. अमेरिकेत 2016 च्या नियमाने आठ तासांच्या पाळीला हवेत दर घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम एवढीच चालते, म्हणजे बारीक मिठाच्या एका कणाच्या वजनाएवढी. कोरडा ग्राइंडर बंद खोलीत चालवला की ही मर्यादा कुठल्या कुठे मागे पडते.

सगळ्यात वाईट हल्लीचा तो क्वार्ट्‌झचा ओटा. दिसायला नैसर्गिक दगड, पण तो दगडाचं पीठ रेझिनमध्ये बांधून केलेला, नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. तिशी-चाळिशीतले कारागीर आजारी पडायला लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर सरसकट बंदी घातली. संगमरवरात सिलिका फार थोडी, ग्रॅनाइटमध्ये मध्यम. लोक मला विचारतात ओट्याला ग्रीन काय, तर मी आता आधी विचारते की तो कोण कापणार आणि कुठे.

दादा तुमच्यासाठी: पाणी लावूनच कापायचं, ब्लेडवर पाणी पडत राहील असा कटर असेल तर उत्तम, नाहीतर हेपा व्हॅक्युम जोडलेला. शक्य तेवढं कापकाम बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच करत नाही, कमीत कमी एन 95, आणि तो नीट बसायला दाढी नको. कोरडा झाडू मारायचा नाही. कामाचे कपडे झटकायचे नाहीत, धुवायचे. आणि 19 वर्षं झालीयेत तर छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी एकदा करून घ्याच, डॉक्टरांना काम काय करता ते सांगून, नाहीतर ते साधा खोकला समजतात.

आणि मालक लोक, चिखल पुसता येतो. कोटेशन मागताना "ओलं कापकाम आणि मास्कसकट" असं लिहूनच मागा. तीच धूळ तुमच्या गादीवरही बसते हे पटत असेल तर त्या कारणाने करा, पण करा.

प्रश्न : आमचं किचन 11 वर्षं जुनं. शटरचा रंग उडालाय, दोन बिजागऱ्या लटकल्यात. नवीन मॉड्युलर करायचं तर सस्टेनेबल मटेरियल कुठलं, बांबू चांगला का?

उत्तर : आतले सांगाडे कसे आहेत? सिंकखालचा कप्पा रिकामा करा आणि तळाच्या फळीवर मुठीने दाबून बघा. फुगलेली, मऊ नसेल तर तो सांगाडा अजून बराच काळ चालेल आणि तुम्हाला नवीन किचन नकोय, नवीन शटर हवीयेत. 11 वर्षं जुन्या बोर्डातून निघायचा तो वायू बहुतेक निघून गेलाय. तो फेकून नवीन आणणार म्हणजे नवीन गोंद, नवीन वास, नवीन झाडं, आणि जुन्याचा ट्रकभर राडारोडा. शटर बदला, बिजागऱ्या बदला, सिंकखालचा कप्पा तेवढा मरीन प्लायचा करा कारण खराब होतो तो नेहमी तोच. टाइल्सही घट्ट असतील तर राहू द्या, जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7-8 टक्के एकट्या सिमेंटमधून येतो, उगाच फोडा आणि परत चिकटवा कशाला.

बांबू वाढतो भराभर हे खरं, पण बांबूचा बोर्ड म्हणजे पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या, म्हणून तिथेही तोच प्रश्न, गोंद कुठला. अख्खं लाकूड घेणार असाल तर एफएससीचं चिन्ह बघा, जंगल नीट राखून तोडलंय का ते तपासणारी ही संस्था 1993 पासून आहे.

वाचलेल्या पैशात चिमणीची नळी बघा, ती बाहेर जाते का. बऱ्याच घरांत चिमणी फिल्टरमधून हवा फिरवून परत किचनमध्येच सोडते, मग तेल अडतं थोडं, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तिथेच राहतो. भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढणं हा या सगळ्या पानावरचा सगळ्यात फायद्याचा खर्च असेल.

प्रश्न : झिरो व्हीओसी लिहिलेला रंग खरंच झिरो असतो का? आणि रंग दिल्यावर किती दिवसांनी राहायला जावं?

उत्तर : पांढरा बेस असतो जवळपास झिरो, दुकानात मशीनमधून जी शेड टाकतात त्यात असू शकतात व्हीओसी, गडद शेडला जास्त. शेड टाकायचं टिंटही विनाव्हीओसी आहे का विचारा, नाहीतर फिकी शेड घ्या. आकडा बघायचाच तर युरोपात आतल्या मॅट भिंतींच्या रंगाला 2010 पासून लिटरला 30 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या बऱ्याच खाली असलेला घ्या. खरी फसवणूक मात्र बाजूच्या डब्यात असते, भिंतीला भारी इको पेंट आणि दाराला तोच जुना थिनरवाला इनॅमल, मेलामाइन पॉलिश, वर फ्लोअरिंगचा तीव्र वासाचा गोंद. रंग, पॉलिश, सीलंट, गोंद, सगळ्यांचे डबे एका रांगेत ठेवून वाचा.

दिवस सांगायचे तर पाण्यावर आधारित रंगाला तीन-चार दिवस भरपूर हवा, पॉलिश आणि नवीन बोर्ड असेल तर तीन-चार आठवडे तरी. घरात दमा असलेलं कोणी असेल तर आणखी. आणि पडदे, गाद्या सगळ्यात शेवटी आणा, कापड हे वास शोषून ठेवतं आणि नंतर हळूहळू सोडतं.

प्रश्न : माळ्यावर जुने राखाडी सिमेंटचे पत्रे आहेत, ॲस्बेस्टॉस असावेत. मी आणि भाऊ रविवारी फोडून काढणार आहोत.

उत्तर : नका काढू. ॲस्बेस्टॉस फुटलं की त्याचे बारीक तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात. म्हणून फोडू नका, कापू नका, भोक पाडू नका, ब्रशने घासू नका. अख्खे आणि घट्ट असतील तर वरून रंगाचा कोट देऊन तसेच ठेवता येतात. तुटलेच असतील तर हे काम परवाना असलेल्या माणसाचं, ओलं करून, अख्खे उतरवून, बंद पिशव्यांत. रविवारी आराम करा.

प्रश्न : ताई, आमचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, वायरिंग आणि प्लंबिंग सगळं नवीन. एकच सल्ला द्यायचा तर काय द्याल?

उत्तर : भिंती बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी धरून, एक आडवी एक उभी, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती अंतरावर आहे ते फोटोतच दिसेल. रंगाचं नाव, शेड नंबर, टाइलचा बॅच नंबर एका कागदावर लिहून मीटरबॉक्सच्या दाराला आतून चिकटवा, आणि दहा-बारा टाइल्स जास्तीच्या घेऊन पलंगाखाली सरकवा. सहा वर्षांनी कुठलातरी जॉइंट गळेल तेव्हा प्लंबर अंदाजाने अख्खी भिंत फोडणार नाही, दोन टाइल्स काढेल आणि त्याच बॅचच्या दोन परत लावेल.